सी ग्लॅडिएटर एन ५५२० : कामाच्या नोंदी

११ जून २०२४, मंगळवार

प्लास्टिकच्या मॉडेल-विमानाचा खोका आज उघडला, आणि तो मुद्दाम आजच. इटली १० जून १९४० ला युद्धात उतरली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचे बॉम्बर ब्रिटिशांच्या ताब्यातल्या माल्टा बेटावर आले. त्यांना सामोरी गेली ती हाल फारच्या मैदानावरून उठलेली मोजकी द्विपंखी विमानं, ग्लॉस्टर सी ग्लॅडिएटर. संध्याकाळपर्यंत बेटावर आठ हल्ले झाले. त्या तुकडीतलं एन ५५२० हे विमान मला १/४८ प्रमाणात करायचं आहे.

खरं विमान पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ९.८३ मीटर आणि लांबीला ८.३६ मीटर. म्हणजे माझ्या टेबलावर साडेवीस सेंटिमीटर रुंद आणि साडेसतरा सेंटिमीटर लांब. जेवणाच्या ताटात मावेल एवढं.

सुटे भाग मोजून घेतले, सगळे आहेत. वरचा पंख किंचित पिळलेला आहे, तो कोमट पाण्यात धरून सरळ करावा लागेल. डिकॅलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या, कागदावर विमानाच्या नाकासाठी मोठ्या अक्षरांत ‘फेथ’ हे नाव दिलंय. ते लावायचं की नाही, हे शेवटी ठरवीन. आत्ता मन नाही म्हणतंय.

१३ जून

सगळे भाग साबणाच्या पाण्यात धुतले. कॉकपिटचे तुकडे कापून घासून ठेवले. अर्ध्या तासाचं काम.

१६ जून, रविवार

कॉकपिट. सीट, दांडी, रडर पेडल, उपकरणांची पाटी. आतल्या नळ्यांची चौकट बाहेरून दिसते, कारण उघडझाप करणारं छत मी मागे सरकवून ठेवणार आहे. ग्लॅडिएटरच्या धडाचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा आहे. पुढच्या भागावर धातूचे पत्रे आणि मागे डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारं वार्निशसारखं द्रावण, लावलेलं कापड. ब्रिटिश हवाई दलाच्या द्विपंखी लढाऊ विमानांत वैमानिकाला बंद छत मिळालं ते याच विमानात, आणि ही जातही इथेच संपली. दलात दाखल झालेलं हे त्यांचं शेवटचं द्विपंखी लढाऊ विमान.

रंग वाळेपर्यंत मागचा इतिहास पुन्हा वाचून काढला, कारण या विमानाला जन्मापासूनच उशीर झालेला आहे आणि त्याचं कारण मला नीट लिहून ठेवायचंय.

हवाई मंत्रालयाने एफ.७/३० नावाची मागणी काढली. चार मशीनगन हव्यात आणि वेग ताशी २५० मैल, म्हणजे सुमारे ४०२ किलोमीटर. मागणी धाडसाची होती, योग्यही होती. पण तिच्याबरोबर रोल्स-रॉइसच्या गोशॉक इंजिनाकडे झुकतं माप आलं. गोशॉक वाफेने थंड होणारं. दाबाखालचं पाणी इंजिनातून उकळत्या अवस्थेत बाहेर पडायचं, त्याची वाफ पंखाच्या कडेतल्या पन्हळीत जाऊन निवायची आणि पुन्हा पाणी होऊन परत यायची. मोठा रेडिएटर बाहेर लोंबकळणार नाही, हवेचा अडथळा कमी होईल, असा हिशेब. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात उकळीच्या टोकावर असलेलं पाणी पंपाने ओढलं की पंपातच वाफ व्हायची आणि प्रवाह तुटायचा. ज्याने प्रेशर कुकरची शिट्टी पडताना झाकण उघडायचा प्रयत्न केलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही: दाब सुटला की पाणी पाणी राहत नाही.

सुपरमरीनचं टाइप २२४, वेस्टलँड, ब्लॅकबर्न, ब्रिस्टल, हॉकर, सगळे या मागणीमागे धावले. टाइप २२४ हे आर. जे. मिचेल यांचं, एकपंखी. ताशी २२८ मैलांवर अडलं. वर्षं गेली आणि दलाच्या हाती काही पडलं नाही.

ग्लॉस्टरच्या हेन्री फॉलंड यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्याकडे गाँटलेट हे चालू उत्पादनातलं विमान होतं. तेच उचलून त्यांनी पंखांमधल्या खांबांच्या दोन जोड्यांच्या जागी एकच ठेवली, चाकांचे पाय बदलले, आणि हवेने थंड होणारं ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन बसवलं. कंपनीच्या स्वतःच्या खर्चाने. एस.एस.३७ नावाचं हे नमुना-विमान १२ सप्टेंबर १९३४ ला जेरी सेयर यांनी पहिल्यांदा उडवलं. पुढच्या उन्हाळ्यात ग्लॅडिएटर हे नाव जाहीर झालं आणि पहिली २३ विमानांची मागणी आली. उत्पादनातल्या विमानाने २५३ मैल गाठले. मागणीतला आकडा पूर्ण झाला, तोही वाफेशिवाय.

फक्त तारीख चुकली होती. ७२ नंबरच्या स्क्वॉड्रनला टँगमियरला ग्लॅडिएटर मिळाले ते फेब्रुवारी १९३७ मध्ये. हरिकेन नोव्हेंबर १९३५ मध्येच उडून गेलं होतं, स्पिटफायर मार्च १९३६ मध्ये. आणि जर्मनीत मेसरश्मिट १०९ या दोघांच्या आधी. ग्लॅडिएटर दलात येऊन वर्षही व्हायच्या आत हरिकेन दलात आलं.

म्हणून ‘कालबाह्य विमान’ असं एका शब्दात उरकणारे लेख मला पटत नाहीत. फॉलंड यांनी जे माहीत होतं त्यातून जेवढं निघतं तेवढं शेवटच्या थेंबापर्यंत काढलं. उशीर त्यांच्या आरेखन-टेबलावर झाला नव्हता.

२२ जून, शनिवार

इंजिन. मर्क्युरीची नऊ सिलिंडरं एकेक करून बसवायची आहेत. प्रत्येकाच्या थंडाव्यासाठीच्या पातळ पट्ट्यांवरून काळ्या रंगाचं पातळ पाणी सोडलं की मधल्या चिरा आपोआप भरतात आणि धातू उठून दिसतो. या कामाचा मला कधी कंटाळा येत नाही. पुढचं गोल कडं हे एक्झॉस्टचं: सगळ्या सिलिंडरांचा धूर आधी या कड्यात गोळा होतो. उष्णतेने त्याचा रंग तपकिरी, जांभळट पडतो, म्हणून तांब्याच्या रंगावर काळसर आणि निळसर हात फिरवले. देवघरातलं तांब्याचं तबक महिनाभर घासलं नाही की जो रंग चढतो, त्याच्या जवळ गेलाय.

आजच्याच तारखेला, २२ जून १९४० ला, माल्टाच्या ग्लॅडिएटरांनी टेहळणीला आलेलं एक सावोया-मार्केटी ७९ हे इटालियन बॉम्बर पाडलं. वैमानिक जॉर्ज बर्जेस आणि विल्यम वुड्स. बर्जेस हे मुळात उडत्या बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, चालवणारे वैमानिक आणि बेटावरच्या हवाई दलप्रमुखांचे, एअर कमोडोर मेनर्ड यांचे, एडीसी म्हणजे खास सहायक अधिकारी. लढाऊ विमानांची तुकडी करायची ठरली तेव्हा ते स्वतःहून पुढे आले. सावोया सरळ उड्डाणात ग्लॅडिएटरपेक्षा वेगवान होतं. मागून पाठलाग करून ते सापडणं शक्य नव्हतं. आधी त्याच्याहून उंच जायचं आणि वरून झेप घेऊन तो वेग भरून काढायचा, एवढीच वाट. म्हणजे भोंगा वाजल्यापासून विमान जमीन सोडेपर्यंतचा प्रत्येक मिनिट उंचीच्या हिशेबातून कापला जायचा.

३० जून

धडाचे दोन अर्धे भाग जोडले. पाठीवरची सांध्याची रेघ तीनदा भरली, तीनदा घासली. कापडी भागावर फार घासलं तर आतल्या पट्ट्यांचे उंचवटे जातात आणि विमान प्लास्टिकचं दिसायला लागतं. त्यामुळे हजार नंबरचा पाणपेपर आणि हलका हात.

चाकांच्या पायांकडे बघून मला दर वेळी बरं वाटतं. एकच सरळ पाय, त्याला ना तिरका आधार, ना दोरखंड. मग धक्का कुठे जिरतो? चाकाच्या आत. स्प्रिंग आणि शोषक चाकाच्या मधल्या भागात बसवलेले. ही कल्पना जॉर्ज डाउटी यांची. ते पूर्वी ग्लॉस्टरमध्येच नोकरीला होते, आणि अशा चाकांची पहिली मागणी त्यांना ब्रिटनमधून नाही तर जपानच्या कावासाकीकडून आली. त्यावर त्यांनी १९३१ मध्ये नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. आमच्या तंत्रनिकेतनातल्या मुलांना यंत्र-आरेखन शिकवताना मी हे उदाहरण देते: अडथळा काढून टाकायचा असेल तर त्याचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात घालावं लागतं.

दोन पायांच्या मध्ये, पोटाखाली, एक फुगीर खोकं येतं. त्यात रबरी होडी असायची. ती आणि जहाजावर उतरताना विमान अडवणारा शेपटीकडचा हूक, या दोन खुणांवरून साधं ग्लॅडिएटर आणि जहाजावरचं सी ग्लॅडिएटर वेगळं ओळखता येतं. एकूण ७४७ ग्लॅडिएटरांपैकी ९८ नौदलासाठीची.

७ जुलै

खालचे पंख लागले. त्यांच्या पोटाला एकेक मशीनगन. ती पंख्याच्या चक्राबाहेरून झाडते म्हणून तिला पात्यांशी जुळवून घ्यावं लागत नाही. धडातल्या दोघींना मात्र फिरत्या पात्यांमधून गोळ्या सोडायच्या असतात. सुरुवातीच्या विमानांना धडात व्हिकर्स आणि पंखाखाली लुइस होत्या, पुढे चारही ब्राउनिंग.

तारांसाठी भोकं पाडायला घेतली. ०.३ मिलिमीटरचं ड्रिल, हाताच्या चिमटीत फिरवायचं. ड्रिल दोनदा मोडलं. भोकं रंगाआधीच पाडायची हा नियम मागच्या मॉडेलवर महागात शिकले होते. प्रत्येक तार कुठून कुठे जाते याचा आराखडा काढून भिंतीला लावला. भोकांना क्रमांक दिले.

१४ जुलै

पाऊस थांबत नाही. हवेत इतका ओलावा असताना रंग मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते. आज काहीच नाही.

२१ जुलै, रविवार

शेजारचे काका चहाला आले. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते, निवृत्तीनंतर नाशिकला स्थायिक झालेत. टेबलावरचं अर्धवट विमान चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

“कुणाचं डिझाइन गं हे?”

“फॉलंडचं, काका.”

“फॉलंड? नॅटवाला फॉलंड?”

नॅट या आपल्या हवाई दलातल्या छोट्या लढाऊ जेटवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आहेत, त्यामुळे हे नाव त्यांच्या तोंडात अजून बसलेलं आहे. मग आम्ही तासभर तेच बोललो. फॉलंड यांनी १९३७ मध्ये ग्लॉस्टर सोडलं. हॉकरने ग्लॉस्टर आधीच विकत घेतलं होतं आणि पुढची लढाऊ विमानं हॉकरच्याच टेबलावर ठरणार हे त्यांना दिसत होतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हॅम्बल इथे त्यांनी आपल्या नावाची कंपनी उभी केली. नॅट तिथलंच, पण ते डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांच्या हातचं. फॉलंड १९५४ मध्ये गेले आणि नॅट १९५५ मध्ये उडालं, म्हणजे आपल्या नावाचं हे विमान त्यांनी हवेत पाहिलं नाही. ते बंगळुरूला एचएएलमध्ये तयार झालं, १९६५ आणि १९७१ ला लढलं, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी श्रीनगरवर शेवटची झुंज दिली ती याच विमानातून.

काकांना मी मागचं टोकही सांगितलं. पहिल्या महायुद्धात फॉर्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत ज्या एस.ई.५ या लढाऊ विमानाचं आरेखन फॉलंड यांनी केलं, त्याच्याच एस.ई.५ए या प्रकारातून भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले. २२ जुलैला ते पडले. उद्या त्याला एकशे सहा वर्षं होतील. वय पुरतं वीसही नव्हतं.

काका काही बोलले नाहीत. निघताना मात्र तारांच्या आराखड्यासमोर थांबले आणि म्हणाले, “ताण सगळ्यांना सारखा बसला पाहिजे हं. एक जरी जास्त ओढलीस तर पंख पिळेल. विमान पिळलेलं असलं की वैमानिकाचा हात दुखतो.”

२८ जुलै

दोन दिवस उघडीप. रंग मारून घेतला.

सी ग्लॅडिएटरच्या रंगात एक युक्ती आहे आणि ती समजल्यापासून मी तिची वाट पाहत होते. वरच्या पंखावर गडद सागरी करडा आणि गडद पाटी-करडा, असे मोठे नागमोडी पट्टे. खालच्या पंखाच्या वरच्या बाजूलाही तेच पट्टे, पण दोन्ही रंग एकेक छटा फिके. का, तर वरच्या पंखाची सावली खालच्यावर पडते. तिथेही गडद रंग दिला तर वरून बघणाऱ्याला खालचा पंख काळाभोर दिसेल आणि विमानाचा आकार उठून येईल. सावली धरून रंग ठरवले आहेत. द्विपंखी विमानालाच लागू पडणारी गोष्ट.

चार छटा मिसळल्या, जुन्या फिल्मच्या डब्यांत भरून वर नावं लिहिली. मास्किंग टेपऐवजी पट्ट्यांच्या कडांना निळी चिकणमाती लावली, म्हणजे कड जराशी धूसर येते.

४ ऑगस्ट

वरचा पंख बसवला. मधले स्ट्रट, म्हणजे दोन पंखांमधले खांब, आधी, मग बाहेरचे. पुठ्ठ्याचा साचा करून त्यात धड उभं केलं होतं. वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे असतो, तेवढं अंतर साच्यात कापून घेतलं होतं. संध्याकाळी समोरून पाहिलं तेव्हा डावं टोक उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली. खऱ्या विमानात जवळजवळ दहा सेंटिमीटर झाले.

८ ऑगस्ट

पंख काढला. चूक साच्यात होती. पुठ्ठा ओलाव्याने एका बाजूला दबला होता, आणि मी तो लावण्याआधी पुन्हा मोजला नव्हता. नवा साचा अॅक्रिलिकच्या पट्ट्यांचा. बाहेरचा एक स्ट्रट मोडला, त्यात पितळेची तार घालून जोडला. आता दोन्ही टोकं केसभराच्या आत आहेत.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी, त्यामुळे भाचा आला होता. त्याचा पहिला प्रश्न, “मावशी, याला दोन पंख का?”

लग्नपत्रिकेचं एक कार्ड घेतलं, एका टोकाला धरलं आणि दुसऱ्या टोकावर खोडरबर ठेवलं. कार्ड वाकलं. मग दोन कार्डं, मध्ये काड्यापेटीच्या काड्यांचे खांब, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा दोरा. आता खोडरबरासोबत त्याची कंपासपेटीही पेलली गेली. दोरा कात्रीने कापायला त्यालाच सांगितलं. कापल्याबरोबर सगळं एका बाजूला कलंडलं.

“म्हणजे सगळं काम दोराच करतो?”

सगळं नाही, पण त्याच्याशिवाय बाकीचे निकामी. हवेत उचल मिळते तेव्हा पंख वर ओढले जातात, तो ओढा धडाच्या बुडापासून खांबाच्या वरच्या टोकाकडे जाणाऱ्या तारा झेलतात. जमिनीवर उतरल्यावर पंखांचं वजन खाली येतं, ते उलट्या तिरक्या तारा धरतात. पंख पातळ ठेवता येतात, हलके राहतात, विमान जागच्या जागी वळतं. किंमत म्हणजे प्रत्येक तार आणि प्रत्येक खांब हवेला अडवतो. म्हणून या तारा गोल नसतात, त्यांचा छेद माशाच्या अंगासारखा चपटा असतो. ब्रिटनमध्ये त्यांना राफ-वायर म्हणत, कारण त्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत निघाल्या. फॉलंड तिथेच शिकले. वीस वर्षं त्यांनी एका बाजूने तारा कमी करत आणल्या. ग्लॅडिएटरमध्ये उरल्या त्याहून कमी करायच्या तर पंखच एक करावा लागला असता.

२५ ऑगस्ट

तारा लावायला सुरुवात. लवचिक दोरा, टोकाला झटपट गोंदाचा सुईच्या अग्राएवढा थेंब, मग मोजून तीस सेकंद श्वास रोखून धरायचं. दिवसाला सहा-सातच्या वर होत नाहीत. हात थरथरायला लागला की थांबायचं.

त्या तीस-तीस सेकंदांत लेशास्कूगचं सरोवर डोक्यातून जात नाही. ग्लोरियस या विमानवाहू जहाजावरून २४ एप्रिल १९४० ला २६३ स्क्वॉड्रनची १८ ग्लॅडिएटर उडाली आणि नॉर्वेतल्या त्या गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर उतरली. धावपट्टी म्हणजे गावकऱ्यांनी बर्फ लोटून मोकळी केलेली पट्टी. रात्रीतून कार्ब्युरेटर गोठले, दांड्या आणि तारा आखडल्या. सकाळी इंजिनं सुरू करायला माणसं जिवाचा आटापिटा करत होती तेवढ्यात जर्मन बॉम्बर आले. तरीही काही विमानं उठली आणि लढली. पण बहुतेक उभ्या जागीच जळाली किंवा फुटली, आणि दोन दिवसांत स्क्वॉड्रनकडे उडण्याजोगं एकही विमान राहिलं नाही.

तीच माणसं नवी ग्लॅडिएटर घेऊन मे महिन्यात नॉर्वेच्या उत्तरेला, बार्डुफॉसला परत गेली आणि तिथे चांगलं लढली. माघारीचा हुकूम आल्यावर विमानं सोडून न देता पुन्हा ग्लोरियसवर उतरवली. ८ जूनला शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ या जर्मन युद्धनौकांनी ग्लोरियस आणि तिच्या दोन्ही विनाशिका बुडवल्या. पंधराशेहून अधिक माणसं गेली, त्यांत जहाजावर असलेले २६३ चे सगळे वैमानिक.

माल्टावर लढलेली सी ग्लॅडिएटर आधी तिथे खोक्यांत बंद पडून होती. ती कुणी मागे ठेवलेली? याच ग्लोरियसने. जहाज बुडालं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यातली विमानं माल्टावर लढायला उठली. हे आज तारीखवार मांडल्यावर लक्षात आलं, आणि मग तारा लावणं होईना.

७ सप्टेंबर

गणपती बसले. दहा दिवस टेबल झाकून.

१९ सप्टेंबर

पुन्हा सुरुवात. एक तार सैल पडली होती, काढून नव्याने. काकांनी येऊन एकेक तार काडीच्या टोकाने हलकेच दाबून पाहिली. दोन बदलायला सांगितल्या. बदलल्या.

या आठवड्यात माल्टा सोडून बाकीच्या नोकऱ्या वाचल्या. हे विमान कुठेकुठे गेलं! चीनने १९३८ च्या फेब्रुवारीत ते जपानविरुद्ध सर्वांत आधी लढाईत उतरवलं. अमेरिकेत जन्मलेले चिनी वैमानिक आर्थर चिन त्यांत होते. फिनलंडच्या हिवाळी युद्धात स्वीडनच्या स्वयंसेवकांनी बारा ग्लॅडिएटर आणली. इराकमध्ये मे १९४१ ला हब्बानियाच्या लढाईत दोन्ही बाजूंकडे ग्लॅडिएटरच होती. पॅट पॅटल यांनी इजिप्त, लिबिया आणि ग्रीसवर या विमानातून पंधरा विजय मिळवले. ब्रिटनच्या लढाईत प्लिमथजवळ रोबरोला २४७ स्क्वॉड्रन याच विमानांवर होतं. आणि लढाईतून निवृत्त झाल्यावर ते हवामानाच्या कामाला लागलं: तापमान आणि आर्द्रता मोजत ठरावीक उंचीपर्यंत चढायचं आणि परत यायचं, दिवसेंदिवस, जवळजवळ युद्ध संपेपर्यंत. या वैमानिकांची नावं मला फारशी कुठे सापडत नाहीत.

२२ सप्टेंबर, रविवार

तारा पूर्ण. दिव्यासमोर धरलं की सगळ्या एकाच ताणात चमकतात.

डिकॅल. मधोमध गोल खुणा, शेपटीवरच्या पट्ट्या, क्रमांक. पाण्यातून काढून सरकवायच्या आणि खाली हवा अडकू द्यायची नाही. एका ठिकाणी अडकलीच, सुईने टोचून पुन्हा द्रावण लावलं.

आता ‘फेथ’. जगभर सांगितली जाणारी गोष्ट अशी की माल्टाकडे तीनच विमानं होती, श्रद्धा, आशा आणि करुणा अशा नावांची, आणि त्या तिघींनी बेट वाचवलं. खरं म्हणजे तीनापेक्षा जास्त विमानं जोडली गेली; हवेत मात्र एका वेळी जेमतेम तीन असायची, बाकीची दुरुस्तीला. जून सरता सरता हरिकेनही आली. नावं नंतर चिकटली. त्या वेळी ती विमानांवर रंगवलेली नव्हती.

गोष्टीचा मला राग नाही. वेढ्यात अडकलेल्या माणसांनी आभाळाकडे बघून काही नावं घेतली असतील तर ती त्यांची आहेत. पण त्या तीन नावांमागे जमिनीवरची माणसं दिसेनाशी होतात, आणि मला ती दिसायला हवीत. सुटे भाग मिळत नव्हते तेव्हा ग्लॅडिएटरला ब्लेनहाइम बॉम्बरचं मर्क्युरी इंजिन बसवणारे अभियंते आणि फिटर त्यात आहेत. एकाच जातीची इंजिनं होती म्हणून ते जमलं, पण बॉम्बहल्ल्यांच्या मधल्या वेळात जमवून आणणं हे काम फिटरांचं. काकांना हे सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली, जणू यात सांगण्यासारखं काय आहे.

नाव लावलं नाही. डिकॅलचा तो तुकडा वहीत चिकटवून ठेवला.

६ ऑक्टोबर

तीन पात्यांचा धातूचा पंखा. पहिल्या ग्लॅडिएटरांचा दोन पात्यांचा लाकडी असायचा. एक्झॉस्टमागे काजळी, चाकांवर माल्टाची फिकट धूळ. ही धूळ खडूची भुकटी आणि चंदनाची पूड मिसळून केली. छटा मनासारखी आली आणि खोलीला दोन दिवस वास.

वाचताना सेयर यांचं नाव पुन्हा भेटलं. ग्लॅडिएटरचं पहिलं उड्डाण करणाऱ्या याच माणसाने १५ मे १९४१ ला क्रॅनवेलहून ब्रिटनचं पहिलं जेट, ग्लॉस्टर ई.२८/३९, उडवलं. मध्ये सात वर्षंही गेली नव्हती. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात एका टायफूनमधून गेलेले सेयर परत आले नाहीत.

१२ ऑक्टोबर, दसरा

चिमटे, कटर, ड्रिलची चिमूट, एअरब्रश पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. काकांनी आपला जुना सेफ्टी-वायरचा पक्कड आणून शेजारी ठेवला. विमानावर झेंडूची एकच पाकळी, तारांना धक्का न लावता.

२० ऑक्टोबर, रविवार

मॅट वार्निशचा शेवटचा हात. काचेच्या पेटीत बसवलं.

पाटी लिहिताना वेळ गेला. खऱ्या एन ५५२० चं धड वॉलेटाला, सेंट एल्मो किल्ल्यातल्या राष्ट्रीय युद्ध संग्रहालयात आहे, पंखांविना. ३ सप्टेंबर १९४३ ला एअर व्हाइस मार्शल कीथ पार्क यांनी ते माल्टाच्या लोकांना दिलं. ११ जून १९४० च्या पहिल्याच हल्ल्यात रॉयल माल्टा आर्टिलरीचे सहा जण मारले गेले, ते याच सेंट एल्मोवर. त्यांतला एक सोळा वर्षांचा मुलगा होता.

पाटीवर शेवटी चार ओळी ठेवल्या:

ग्लॉस्टर सी ग्लॅडिएटर एन ५५२०
हाल फार, माल्टा, जून १९४०
आरेखन : हेन्री फॉलंड
उडतं ठेवलं : हाल फारच्या फिटरांनी

काकांनी मोठ्याने वाचली, मग खिशातून रुमाल काढून पेटीच्या काचेवरचा माझ्या बोटाचा ठसा पुसला.

पेटी कपाटाच्या दुसऱ्या फळीवर, उन्हापासून दूर. उरलेला दोरा डबीत, आराखडा वहीत.